देव देवळात की माणसात? – श्री संत गाडगे महाराज

आपल्या ग्रामदैवताच्या मंदिराचा जीर्णोद्धार गावकऱ्यांच्या वर्गणीतून व श्रमदानातून पूर्ण झाला, ही परम आनंदाची गोष्ट होय. स्मरणिका समितीने मला एखाद्या संताचे चरित्र लिहिण्यास सांगितले. मी गाडगे महाराजांचे नाव काढताच एक वडीलधारे गृहस्थ म्हणाले की, पंढरीस जाऊनही जो देवळात जात नसे, त्याचे चरित्र देवळाच्या पुस्तकात कशाला? त्यांचा मान राखून मी म्हणतो की, देव आहे काय आणि असल्यास कोठे, हा प्रश्न कळस चढविताना विचारावयाचा नाही, तर केव्हा विचारावयाचा?

महाराजांचे मूळ नाव डेबूजी झिंगराजी जाणोरकर. जन्म २३ फेब्रुवारी १८७६ रोजी अमरावती जिल्ह्यातील शेणगाव येथे परीट कुटुंबात झाला. वडील दारूच्या व्यसनात गेले. आई सखूबाई लहानग्या डेबूला घेऊन दापुरे येथे माहेरी आली. तेथे डेबूजीने गुरे राखली, नांगर धरला. मामाची शेती सावकाराच्या कर्जात गेली. ज्यास अक्षर वाचता येत नाही, तो अंगठा देतो आणि घरदार घालवितो, हे डेबूजीने डोळ्यांनी पाहिले. शिक्षणाचा आग्रह त्यांनी जन्मभर धरला, त्याचे मूळ येथे आहे.

घरी मुलगी झाली तेव्हा बारशाला रीतीप्रमाणे मटण व दारू न देता त्यांनी गोडाचे जेवण घातले. जातभाई रागावले, पण ते डगमगले नाहीत. १ फेब्रुवारी १९०५ रोजी त्यांनी घर सोडले. अंगावर चिंध्यांचे वस्त्र, हातात खराटा व फुटके गाडगे, एवढाच त्यांचा संसार. ज्या गावी जात, तेथे आधी रस्ते झाडीत. दिवसा गाव झाडावे आणि रात्री कीर्तनातून माणसांची मने झाडावीत, असा क्रम होता. भाकरीसुद्धा कष्ट केल्यावाचून घेत नसत.

त्यांचे कीर्तन म्हणजे प्रश्नोत्तरेच. अडाणी श्रोत्यांकडूनच ते उत्तर काढून घेत. देवाला आंघोळ कोण घालतो, दिवा कोण लावतो, नैवेद्यावर आलेले कुत्रे कोण हाकलतो? लोक हसत आणि मग विचारात पडत. नवसाला बोकड मारू नका, कर्ज काढून लग्न व तीर्थयात्रा करू नका, शिवाशीव पाळू नका, मुलांना शाळेत घाला, हीच त्यांची शिकवण. आणि एवढे सांगून शेवटी ते गोपाळाच्या नामाचाच गजर करीत. म्हणजे त्यांनी देव नाकारला असे म्हणता येत नाही. देवाच्या नावावर चाललेला अज्ञानाचा बाजार मात्र त्यांनी साफ नाकारला.

येथे स्वतःची एक गोष्ट सांगतो. माझ्या मातोश्री आजारी पडल्या तेव्हा आम्ही नवस केला, उसनवारी करून बोकड कापला आणि दवाखान्यात नेण्यास पंधरा दिवस उशीर केला. मातोश्री गेल्या. दोष देवाचा नव्हता, आमचा होता. मी आजही रोज देवपूजा करतो, पण तेव्हापासून नवस केलेला नाही.

१९२३ साली महाराजांचा मुलगा गोविंद वारला. ती वार्ता कीर्तनात येऊन पोहोचली, तरी त्यांनी कीर्तन थांबविले नाही, असे सांगतात. लोकांनी दिलेल्या लाखो रुपयांतून त्यांनी पंढरपूर, नाशिक, आळंदी, देहू येथे धर्मशाळा उभारल्या. शाळा, वसतिगृहे व गोरक्षणाच्या संस्थाही निघाल्या. स्वतःच्या कुटुंबास मात्र त्यातील पैही घेऊ दिली नाही. पंढरपूरची चोखामेळा धर्मशाळा त्यांनी १९४९ साली डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या संस्थेस शिक्षणाकरिता देऊन टाकली. ६ डिसेंबर १९५६ रोजी बाबासाहेबांचे महानिर्वाण झाले आणि त्यानंतर चौदाच दिवसांनी, २० डिसेंबर १९५६ रोजी, महाराजांनी अमरावतीजवळ देह ठेवला. त्यांनी कोणास शिष्य केले नाही, की गादी चालविली नाही.

मग देव आहे की नाही? मी अल्पशिक्षित कारकून, याचा निकाल मी काय देणार? पण ज्या श्रद्धेने हातात खराटा येतो ती खरी, आणि जिच्यापायी सातबाऱ्यावर बोजा चढतो ती खोटी, एवढे महाराजांच्या चरित्रावरून मला समजले.

जीर्णोद्धाराची काही रक्कम शिल्लक आहे. कळसाला सोन्याचा मुलामा द्यावा, असा विचार पुढे आला आहे. माझी समस्त ग्रामस्थांस हात जोडून विनंती आहे की, त्याआधी जत्रेस येणाऱ्या माणसांकरिता पाण्याची टाकी व पत्र्याची निवाराशेड व्हावी. मुलामा पुढील वर्षीही देता येईल. तहानलेला यात्रेकरू मात्र याच जत्रेत येणार आहे.