बाघच्या लेण्यांतील साधक : नंदलाल बोस

धार शहरापासून सुमारे शंभर किलोमीटरवर, विंध्य पर्वताच्या दक्षिण उतारावर, बाघनी नदीच्या काठी बाघची लेणी आहेत. धार-देवासच्या मराठी कुटुंबांतील पुष्कळ मंडळी अजिंठ्याची यात्रा करून येतात. परंतु अजिंठ्याची ही धाकटी बहीण आपल्याच जिल्ह्यात आहे, याची जाणीव थोड्यांनाच असते. या लेण्यांतील मिटत चाललेल्या चित्रांसाठी ज्यांनी आपली दृष्टी आणि हात झिजविले, त्या थोर चित्रकाराचा, नंदलाल बोस यांचा, हा अल्प परिचय.

नंदलालांचा जन्म ३ डिसेंबर १८८२ रोजी बिहारमधील मुंगेर जिल्ह्यात हवेली खडगपूर येथे झाला. त्यांची आई क्षेत्रमणीदेवी बाहुल्या व खेळणी करण्यात कुशल होती. कुंभार मूर्ती घडवू लागला की बाल नंदलाल तेथेच रमून जाई. शिक्षणासाठी ते कलकत्त्यास आले. पण महाविद्यालयाच्या परीक्षांत त्यांना अपयशच आले. घरच्यांच्या इच्छेखातर त्यांनी वाणिज्य शाखेतही प्रवेश घेऊन पाहिला. अखेर मनाचा कौल मानून ते सरकारी कलाशाळेत अवनींद्रनाथ ठाकूर यांच्या हाताखाली शिकू लागले. परीक्षांत मागे पडलेला हा विद्यार्थी गुरूंचा आवडता शिष्य झाला.

त्या काळी आपल्या देशात चित्रकला म्हणजे युरोपीय चित्रांचे अनुकरण, अशी समजूत रूढ होती. १९०९ च्या हिवाळ्यात लेडी हेरिंगहॅम या इंग्रज विदुषी अजिंठ्याच्या चित्रांच्या प्रतिकृती करण्यासाठी आल्या, तेव्हा नंदलालही त्या कामात सामील झाले. अंधुक प्रकाशात, शेकडो वर्षांपूर्वीच्या अनाम कलावंतांच्या रेषेमागून आपली रेषा नेताना त्यांना उमगले की, आपल्या कलेचा गुरू आपल्याच डोंगरात बसलेला आहे.

बाघचे कार्य याच्या पुढचे. ही बौद्ध लेणी पाचव्या-सहाव्या शतकाच्या सुमारास कोरली गेली. एकूण नऊ लेण्यांपैकी पाचच आज बऱ्या स्थितीत आहेत. येथील खडक ठिसूळ आहे. त्यात पाणी झिरपते. चौथ्या लेण्याला लोक रंगमहाल म्हणतात. त्याच्या व पाचव्या लेण्याच्या पुढील लांबलचक ओसरीचे छत कोसळले आणि भिंतीवरची चित्रे ऊन-पावसाच्या तोंडी पडली. शोकाकुल स्त्री व तिचे सांत्वन करणारी सखी, टिपऱ्या घेऊन फेर धरणाऱ्या नर्तकी, हत्ती-घोड्यांची मिरवणूक असे हे वैभव वर्षागणिक पुसट होत होते.

तेव्हा बाघ हे गाव ग्वाल्हेर संस्थानात होते. संस्थानाच्या निमंत्रणावरून १९२१ मध्ये नंदलाल हे असितकुमार हालदार व सुरेंद्रनाथ कर यांच्यासह येथे आले. संस्थानातील मराठी चित्रकारही या कार्यास लागले. प्रतिकृती करणे हे काम दिसावयास सोपे, पण कठोर संयमाचे आहे. जेथे मूळ रंग उडाला तेथे आपल्या कल्पनेचा रंग भरण्याचा मोह आवरावा लागतो; स्वतःचे नाव विसरून दुसऱ्याच्या हाताशी एकरूप व्हावे लागते. नंदलाल त्या वेळी नावाजलेले चित्रकार होते, तरीही त्यांनी हे शिष्यत्व आनंदाने पत्करले. १९२७ मध्ये लंडनहून बाघ लेण्यांवरील सचित्र ग्रंथ निघाला आणि या चित्रांची कीर्ती जगभर पोहोचली. पुढे मूळ चित्रांची हानी वाढतच गेली. तेव्हा उरलेली बहुतेक चित्रे भिंतीवरून काळजीपूर्वक उतरवून जतन करावी लागली. १९२१ च्या त्या श्रमांचे मोल अशा वेळी कळते.

१९२२ मध्ये नंदलाल शांतिनिकेतनातील कलाभवनाचे प्रमुख झाले व जवळजवळ तीस वर्षे त्यांनी तेथे विद्यार्थी घडविले. लेण्यांत शिकलेली भित्तिचित्रणाची कला त्यांनी तेथील भिंतींवर उतरविली. १९३६ मध्ये खानदेशातील फैजपूर येथे काँग्रेसचे खेड्यात भरलेले पहिले अधिवेशन झाले. गांधीजींच्या इच्छेनुसार नंदलालांनी त्याची सजावट गावातल्याच साध्या साहित्याने केली. १९३८ च्या हरिपुरा अधिवेशनासाठी त्यांनी शेतकरी, कारागीर, वादक यांची चित्रे काढली. ती पाहणारा साधा खेडूत स्वतःलाच त्यांत पाही. बडोद्यास महाराज सयाजीराव गायकवाडांनी उभारलेल्या कीर्तिमंदिराच्या भिंतीही १९३९ ते १९४६ या काळात त्यांच्या चित्रांनी सजल्या. पुढे भारतीय संविधानाच्या हस्तलिखित प्रतीची पाने त्यांनी व त्यांच्या शिष्यांनी चित्रांकित केली. १९५४ मध्ये त्यांना पद्मविभूषण हा किताब मिळाला. १६ एप्रिल १९६६ रोजी कलकत्त्यास त्यांचे निधन झाले.

लेण्यांतील मूळ चित्रकारांनी आपली नावे मागे ठेवली नाहीत. नंदलालांनी त्यांच्यापुढे मस्तक नमविले व त्यांचा वारसा देशाच्या संविधानापर्यंत आणून पोहोचविला. विद्यार्थिमित्रहो, सुटीत आपण बाघला अवश्य जावे. खडकावर खडूने वा खिळ्याने स्वतःचे नाव कोरण्याची लहर आल्यास, एवढा मोठा कलावंत याच ठिकाणी आपले नाव विसरून बसला होता, हे आठवावे. वही-पेन्सिल सोबत न्यावी, एखाद्या खांबावरील नक्षीसमोर शांतपणे बसावे आणि ती जशी आहे तशी कागदावर उतरविण्याचा यत्न करावा. ती साधली नाही तरी डोळ्यांना पाहण्याचे शिक्षण खचितच मिळेल.