अडणारे चक्र आणि सॅम्युअल कोल्ट

बीड जिल्ह्यातील धारूरचा किल्ला १६३१ मध्ये मोगलांनी जिंकला, तेव्हा शिपायाची बंदूक तोंडाकडून ठासावी लागे. एक बार उडाला की पुन्हा दारू, पुन्हा गोळी, पुन्हा गज. तोवर शत्रू अंगावर येई. पुढची दोन शतके सामान्य सैनिकाची ही अडचण कायम राहिली. तिच्यावर व्यवहार्य तोडगा काढणारा सॅम्युअल कोल्ट १९ जुलै १८१४ रोजी अमेरिकेतील हार्टफर्ड येथे जन्मला.

१८३० मध्ये तो खलाशी म्हणून कलकत्त्याच्या सफरीवर गेला. परतताना त्याच्याजवळ फिरत्या चक्राचा, लाकडात कोरलेला नमुना होता. त्यावरून घडविलेले एक पिस्तूल चाचणीतच फुटले. भांडवलासाठी त्याने ‘डॉक्टर’ म्हणून मिरवत गावोगाव हास्यवायूचे खेळही केले. २५ फेब्रुवारी १८३६ रोजी पेटंट मिळाले. घोडा मागे ओढताच एक खिटी चक्र फिरवी आणि दुसरी ते नळीसमोर जखडून ठेवी.

कल्पना सुटसुटीत होती. शस्त्र मात्र लहरी. खरी डोकेदुखी अधूनमधून उद्भवणाऱ्या बिघाडाची. खिटी झिजली की चक्राचे एखादेच घर नळीसमोर पुरते येत नसे, बाकीची नीट येत. काही बारांनंतर दारूची काजळी आसावर साचून चक्र जड होई. फुटलेल्या टोपीचा तुकडा घोड्याच्या खाचेत अडके. तो गळून पडला की दोष शोधूनही सापडत नसे. फ्लोरिडातील युद्धात तर सैनिकांनी कुतूहलापोटी ही शस्त्रे खोलली, पण त्यांना ती जोडता येईनात. १८४२ मध्ये पॅटरसनचा कारखाना बंद पडला.

कॅप्टन सॅम्युअल वॉकरच्या आग्रहामुळे १८४७ मध्ये एक हजार रिव्हॉल्व्हरची सरकारी मागणी आली. दोन किलोंहून जड अशा या शस्त्राचा ठासणीचा दांडा बार उडताच खाली पडून चक्र अडवी. काही चक्रे फुटलीही. पुढच्याच वर्षी कोल्टने चक्र आखूड केले आणि दांड्याची पकड सुधारली. १८४९ पासून एलिशा रूटच्या देखरेखीखाली सुटे भाग यंत्रांवर एकसारखे होऊ लागले. तरी शेवटची जुळणी कानस घेऊन हातानेच होई, म्हणूनच भागांवर क्रमांक कोरले जात.

अमेरिकी यादवी पेटेपर्यंत त्याने उत्तर आणि दक्षिण, दोघांनाही शस्त्रे विकली. १० जानेवारी १८६२ रोजी, ४७ व्या वर्षी तो वारला. दोन वर्षांनी कारखाना आगीत होरपळला; पत्नी एलिझाबेथने तो पुन्हा उभारला.