हास्केल करी: स्वतःच्याच लॉजिकमधला बग शोधणारा माणूस

हास्केल ही प्रोग्रामिंग लँग्वेज एका गणितज्ञाच्या नावावर आहे. गंमत म्हणजे त्यांना स्वतःचं हे नाव कधीच आवडलं नाही, असं त्यांच्या पत्नीने नंतर सांगितलं.

हास्केल करी यांचा जन्म 12 सप्टेंबर 1900 रोजी अमेरिकेत झाला. हार्वर्डला गेले डॉक्टर व्हायला, पण रमले गणितात. 1922 मध्ये तर्कशास्त्राचा एक जाडजूड ग्रंथ वाचताना ते एका साध्या पायरीवर थांबले: एका चिन्हाच्या जागी दुसरं ठेवणं. बाकीचे ही पायरी गृहीत धरून पुढे जायचे. करींनी तिचे बारीक तुकडे पाडायला घेतले. 1927 मध्ये कळलं की शॉनफिंकेल यांनी हे आधीच सुरू केलंय! तरी त्यांनी काम सोडलं नाही. जर्मनीत जाऊन 1930 मध्ये त्याच विषयात डॉक्टरेट मिळवली.

मोठा बग

1935 मध्ये क्लीनी आणि रॉसर यांनी दाखवलं की करींच्या सिस्टिममध्ये विसंगती आहे. म्हणजे तिच्यात काहीही सिद्ध करता येतं! इतक्या वर्षांची मेहनत पणाला लागली. करींनी मात्र नेमकं कुठे बिघडतंय ते शोधलं आणि 1942 मध्ये बग अगदी छोटा करून मांडला. तो असा: ‘हे वाक्य खरं असेल, तर अकोल्याला समुद्र आहे.’ असं वाक्य चालवून घेतलं, की नेहमीच्याच नियमांनी अकोल्याला समुद्र येतो!

ब्रेकपॉइंट म्हणजे हेच

समजा, अकोल्याहून अमरावतीला निघालेलं पार्सल वाटेत हरवलं. मग मूर्तिजापूर आणि बडनेऱ्याला गाडी थांबवून मोजायचं. कोडमध्ये हे स्टेशन म्हणजे फंक्शन. ही कल्पना एनियाक कॉम्प्युटरच्या प्रोग्रामर बेटी होल्बर्टन यांची मानली जाते. 1946 च्या सुमारास करींनीही एनियाकसाठी काम केलं होतं.

हास्केलच्या जीएचसीआयमध्ये 2007 पासून डीबगर आहे. फाइल लोड करा, कोलन लावून ब्रेक लिहा आणि पुढे फंक्शनचं नाव द्या. प्रोग्राम त्या फंक्शनवर आला की थांबतो. स्टेपने एकेक पायरी पुढे जा, कंटिन्यूने सोडून द्या. एक लक्षात ठेवा: हास्केल आळशी आहे, गरज पडेपर्यंत हिशोब करत नाही. म्हणून प्रिंट केल्यावर आकड्याऐवजी अंडरस्कोअरने सुरू होणारं नाव दिसलं तर घाबरू नका. किंमत हवीच असेल तर फोर्स वापरा. आणि हो, आधीच कंपाइल झालेल्या मोड्यूलमध्ये ब्रेकपॉइंट लागत नाही.

करी 1 सप्टेंबर 1982 रोजी गेले. हास्केलची पहिली आवृत्ती 1990 मध्ये आली, ती त्यांना पाहता आली नाही. पुढच्या वेळी प्रोग्राम चुकला, तर सगळा कोड पुसू नका. संशय असलेल्या फंक्शनवर थांबा आणि आत काय चाललंय ते बघा.