दगडू आणि दया



स्मरणिकेसाठी मीही चार ओळी लिहाव्यात असा आपण आग्रह केला. मी सातवी शिकलेली बाई. लेख लिहिण्याचा सराव नाही. पण दुपारी कामे आवरली की वाचायची आवड आहे. मुलीने कॉलेजच्या वाचनालयातून ‘बलुतं’ हे पुस्तक आणले, ते तिच्याआधी मीच वाचून संपविले. ते लिहिणारे दया पवार यांच्याविषयी थोडे सांगते.

त्यांचा जन्म 1935 सालचा. गाव नगर जिल्ह्यातील अकोले तालुक्यातले धामणगाव. घर महारवाड्यात. नाव ठेवले दगडू. वडील मारुती मुंबईला गोदीत कामाला होते, म्हणून लहानपण काही मुंबईत आणि काही गावी गेले. मुंबईत बिऱ्हाड नागपाड्याजवळच्या कावाखान्यात. तिथल्या बायका दिवसभर चिंध्या, कागद, काचा वेचून संसार चालवीत. पुढे वडील वारले. आईने कष्ट उपसून मुलाला वाढविले आणि शाळेत टिकविले. तो संगमनेरच्या बोर्डिंगात राहून शिकला. त्या माउलीला शतशः नमस्कार!

बलुते म्हणजे काय ते आजच्या मुलींना ठाऊक नसेल. गावकीची कामे करणाऱ्यांना सुगीला धान्याचा जो वाटा मिळे, ते बलुते. महारांनी वेशीची राखण करायची, मयताची खबर परगावी पोचवायची, मेलेले ढोर ओढायचे. आणि मग खळ्यावर जाऊन आपलाच वाटा मागून घ्यायचा. 1958 साली कायद्याने ही वतने रद्द केली. लेखकाने हेच नाव पुस्तकाला दिले. आपल्या पदरात जन्माने जे पडले, तेच त्यांचे बलुते.

शिकून ते मुंबईस पशुवैद्यक महाविद्यालयात नोकरीला लागले. पुढे रेल्वेच्या हिशेब खात्यात गेले. कविता लिहू लागले. ‘कोंडवाडा’ हा संग्रह 1974 साली निघाला. दगडूचे दया झाले. पवार हे आडनाव अनेक समाजांत असते, त्यावरून जात कळत नाही. स्वच्छ कपडे, ऑफिस, कविसंमेलने असे सगळे झाले, पण आतला दगडू काही गप्प बसेना. 1978 साली ‘बलुतं’ प्रसिद्ध झाले. त्यात दगडू पवार आपली कहाणी दया पवारांना सांगतो. माणूस एकच, पण स्वतःचीच ओळख करून घेण्यासाठी त्याला समोरासमोर बसावे लागले.

या पुस्तकात त्यांनी स्वतःचीही गय केलेली नाही. पहिल्या पत्नीवर संशय घेतला आणि संसार मोडला, हेसुद्धा त्यांनी लिहिले आहे. बाई म्हणून वाचताना मला त्यांचा राग आला. पण आपला दोष असा चारचौघांत मांडणारे पुरुष किती निघतील? घरचे दैन्य चव्हाट्यावर मांडले म्हणून त्यांच्याच समाजातले काही लोक रागावले. तरी त्यानंतर कितीतरी दलित स्त्री-पुरुषांनी आपापली जीवनकथा लिहिली. 1990 साली सरकारने त्यांना पद्मश्री दिली. 1996 साली ते वारले.

आता मी हेच चरित्र का निवडले, ते सांगते. माझेही नाव लग्नात बदलले. ते अक्षता टाकून बदलले, त्याचे दुःख नाही. पण दुसरी एक गोष्ट मी आपणहून झाकून ठेवली. या कॉलनीत येऊन दहा वर्षे झाली. माहेर कुठले, असे कुणी मायेने विचारले की मी तालुक्याचे नाव सांगून विषय बदलीत असे. आमचे माहेरचे घर बौद्धवाड्यात आहे. माझी आजी लहानपणी आईचे बोट धरून खळ्यावर बलुते मागायला जात असे. इथे घर लावले तेव्हा बाबासाहेबांची तसबीर मी आतल्या खोलीत लावली, आल्यागेल्याला दिसू नये म्हणून. मला कुणी काही बोलले नव्हते. भीती माझीच होती.

पुस्तक संपविले त्या संध्याकाळी मुलगी म्हणाली, आई, तसबीर बाहेर लावू या का? मी लगेच उत्तर दिले नाही. रात्रभर विचार केला. सकाळी स्टुलावर चढून मीच ती काढली, पुसली आणि बाहेरच्या खोलीत दारासमोरच्या भिंतीवर लावली.

वर्धापनदिनाचा कार्यक्रम आटोपला की सर्व भगिनींनी आमच्या घरी चहाला यावे. पोहेही करीन. लिहिण्यात चूकभूल झाली असल्यास पदरात घ्यावी.