बिरबल साहनी: पायाभरणीनंतर सातच दिवसांत गेलेला, दगडातली झाडं वाचणारा शास्त्रज्ञ

लखनऊ, ३ एप्रिल १९४९. पंतप्रधान जवाहरलाल नेहरू एका संशोधन संस्थेच्या पायाभरणीला आले होते. कोनशिला नेहमीसारखी नव्हती. तिच्यात ठिकठिकाणचे जीवाश्म, म्हणजे कोट्यवधी वर्षांपूर्वी दगड बनलेल्या वनस्पतींचे तुकडे बसवलेले होते. ही कल्पना होती संस्थेचे संस्थापक प्रा. बिरबल साहनी यांची.

त्यानंतर एकाच आठवड्यात, १० एप्रिलला, हृदयविकाराच्या झटक्याने साहनी गेले. वय होतं ५७. इमारत अजून उभी राहायची होती.

हा माणूस नेमकं काय करत होता? आणि त्याच्यामागे ती संस्था टिकली कशी?

वडिलांना हवा होता आयसीएस अधिकारी

बिरबल साहनींचा जन्म १४ नोव्हेंबर १८९१ चा. म्हणजे तारीख नेहरूंचीच, वर्ष दोनने पुढचं. गाव भेरा, आता पाकिस्तानातल्या पंजाबमध्ये. वडील रुचिराम साहनी लाहोरच्या गव्हर्नमेंट कॉलेजात रसायनशास्त्र शिकवायचे. सुट्टीत ते मुलांना घेऊन हिमालयात पायी भटकायचे. झाडापानांचं वेड बिरबल यांना तिथेच लागलं.

मुलाने आयसीएस व्हावं, असं वडिलांच्या मनात होतं. मुलाने वनस्पतिशास्त्र निवडलं. १९११ मध्ये ते केंब्रिजला गेले आणि तिथे पुरावनस्पतिशास्त्रातले दिग्गज ए. सी. सेवर्ड यांचे विद्यार्थी झाले. १९१९ मध्ये ते भारतात परतले. बनारस आणि लाहोरला थोडा काळ शिकवल्यावर १९२१ मध्ये नव्याने सुरू झालेल्या लखनऊ विद्यापीठात वनस्पतिशास्त्र विभागाचे प्रमुख झाले. पुढचं सगळं आयुष्य लखनऊतच गेलं.

काळ्या कातळात सापडलेला अझोला

साहनींच्या कामाचा एक धागा थेट आपल्या पायाखालच्या जमिनीशी जोडलेला आहे.

सह्याद्री आणि दख्खनचं पठार ज्या काळ्या कातळाचं बनलंय, तो म्हणजे थंड झालेला लाव्हा. पण हा लाव्हा एका दमात आला नाही. एक थर पसरायचा, थंड व्हायचा, मग मोठी विश्रांती. त्या काळात वर माती तयार व्हायची, तळी साचायची, झाडं उगवायची. पुन्हा लाव्हा यायचा आणि हे सगळं खाली गाडलं जायचं. गाडल्या गेलेल्या खोडांत, फळांत, बियांत सिलिका झिरपली आणि त्यांचे दगड झाले. आतली पेशींची रचना मात्र बऱ्याच ठिकाणी तशीच राहिली.

असे दगड नागपूरच्या उत्तरेला छिंदवाडा जिल्ह्यात भरपूर मिळतात. तिथल्या मोहगाव कलान आणि सौसर परिसरातले नमुने साहनींनी अभ्यासले. दगडाचे अगदी पातळ काप घासून ते मायक्रोस्कोपखाली पाहायचे. सौसरच्या दगडात त्यांना आणि त्यांचे सहकारी एच. एस. राव यांना सापडला अझोला. आज आपल्याकडे शेतकरी जनावरांच्या खाद्यासाठी टाकीत जो अझोला वाढवतात, त्याचाच हा प्राचीन नातेवाईक.

यातून साहनींना एका मोठ्या प्रश्नाचं उत्तर शोधायचं होतं: हा लाव्हा आला कधी? त्या काळी अनेक भूशास्त्रज्ञ तो डायनोसॉरच्या युगातला मानत. साहनींचं म्हणणं होतं की ताडाच्या कुळातली ही झाडं त्यानंतरच्या युगातली वाटतात. पुढे किरणोत्सारी मूलद्रव्यांवरून दगडाचं वय काढता येऊ लागलं, तेव्हा उत्तर आलं सुमारे ६.६ कोटी वर्षं. म्हणजे डायनोसॉरचं युग संपून नवं युग सुरू झालं, नेमका तोच काळ. काही लाव्हा त्या सीमेच्या अलीकडचा, काही पलीकडचा. दोन्ही बाजूंना थोडं थोडं खरं सापडलं होतं.

शेंदेलोणाचा वाद

दुसऱ्या वादात मात्र साहनी चुकले.

उपवासाला आपण जे शेंदेलोण वापरतो, ते ज्या डोंगररांगेतून येतं ती साहनींच्या भेरा गावापासून फार लांब नाही. खेवड्याची प्रसिद्ध मिठाची खाण तिथलीच. हे मीठ ५० कोटी वर्षांहून जुनं की जेमतेम ५ कोटी वर्षांचं, यावर भूशास्त्रज्ञांमध्ये जोरदार भांडण होतं.

साहनींनी मिठाचे नमुने तपासले. त्यांत लाकडाचे आणि कीटकांचे सूक्ष्म तुकडे निघाले. तर्क सरळ होता. ५० कोटी वर्षांपूर्वी जमिनीवर झाडंच नव्हती, मग लाकूड आलं कुठून? म्हणजे मीठ नवं आहे. विरोधकांचा मुद्दाही तितकाच सरळ होता. मिठाच्या वरच्या थरात अतिप्राचीन सागरी जीवांचे अवशेष आहेत, मग खालचं मीठ त्याहून जुनंच असणार. त्यावर दुसऱ्या बाजूचं उत्तर होतं की जुने खडक भूहालचालींमुळे सरकून मिठावर चढले असतील. १९४४ आणि १९४५ मध्ये या एकाच प्रश्नावर परिसंवाद झाले.

आज हे मीठ ५० कोटी वर्षांहून जुनंच मानलं जातं. ते तुकडे नंतर कधीतरी आत शिरले असावेत. साहनींचा तर्क बरोबर होता, पण ज्यावर तो उभा होता तो पुरावाच मूळचा नव्हता. जीवाश्म वाचताना तो त्याच थरातला आहे ना, हे आधी तपासावं लागतं, हा धडा यातून मिळाला.

आणि मग ती संस्था

१९३६ मध्ये साहनी लंडनच्या रॉयल सोसायटीचे फेलो झाले. त्याच वर्षी रोहतकजवळच्या खोकराकोटला त्यांना नाणी ओतण्याचे मातीचे साचे मिळाले. त्यावरही त्यांनी इतका बारकाईने अभ्यास केला की नाणेशास्त्रातही त्यांचं नाव झालं. राजमहल टेकड्यांतल्या जीवाश्मांमधून त्यांनी वनस्पतींचा एक अख्खा नामशेष गट जगासमोर आणला.

पण एकट्याच्या कामाने हे शास्त्र टिकणार नाही, हे त्यांना कळत होतं. १९४६ मध्ये त्यांनी आणि पत्नी सावित्री यांनी संस्थेची सुरुवात केली. स्वतःची पुस्तकं आणि जीवाश्मांचा संग्रह तिला देऊन टाकला. सावित्रीबाई लग्नानंतर साहनींसोबत जीवाश्म गोळा करायला फिरल्या होत्या. हे काम काय आहे, हे त्यांना जवळून माहीत होतं.

म्हणूनच १० एप्रिलनंतर संस्था बंद पडली नाही. सावित्रीबाईंनी जबाबदारी घेतली, निधी उभा केला, बांधकाम पूर्ण करून घेतलं. २ जानेवारी १९५३ ला उद्घाटनासाठी पुन्हा नेहरूच आले. आज ही संस्था बिरबल साहनी पुराविज्ञान संस्थान म्हणून ओळखली जाते, आणि साहनींची समाधी तिच्या आवारातच आहे.

दख्खनच्या दोन लाव्हांमधल्या झाडांवर काम आजही चालू आहे. पुढच्या वेळी घाटात गाडी थांबवून कातळाचा फोटो काढाल, तेव्हा दोन काळ्या थरांच्या मधली ती फिकट, मातकट रेघही बघा. कधीकाळी तिथे जमीन होती आणि उन्हात उघडी पडलेली होती.