न बोलणारा सामुराई

सुपारी किलरचा पिक्चर म्हटलं की आपल्याला काय आठवतं? ढिशूम ढिशूम, डायलॉगबाजी आणि मध्येच एक आयटम साँग! पण १९६७ च्या 'ल सामुराई' या फ्रेंच सिनेमात सुरुवातीची जवळजवळ दहा मिनिटं कोणी एक शब्द बोलत नाही. किलर जेफ कॉस्टेलो (अलेन देलॉन) पलंगावर पडून सिगरेट ओढतो. पिंजऱ्यातला पक्षी चिवचिवतो. जेफ आरशासमोर हॅट नीट करतो, बाहेर पडतो आणि एक गाडी चोरतो. बस्स! हे ज्याच्या डोक्यातून आलं, त्या ज्याँ-पिएर मेलव्हिलबद्दल मला सांगायचंय.

त्याचं खरं आडनाव ग्रुम्बाख. जन्म २० ऑक्टोबर १९१७, पॅरिसच्या ज्यू कुटुंबात. महायुद्धात फ्रान्स हिटलरच्या ताब्यात गेला आणि हा भूमिगत चळवळीत शिरला. तिथे 'मोबी डिक'च्या लेखकाचं आडनाव त्याने टोपणनाव म्हणून घेतलं. १९४२ मध्ये त्याचा भाऊ जाक पिरेनीज पर्वत ओलांडून स्पेनला निघाला आणि वाटेतच मारला गेला. तो काळच असा होता, की एक शब्द जास्त बोललं तर सगळे साथीदार पकडले जायचे.

युद्धानंतर युनियनचं कार्ड नसताना त्याने स्वतःची कंपनी काढून सिनेमा सुरू केला. 'समुद्राचं मौन' (१९४९) मध्ये घरात येऊन राहिलेल्या जर्मन अधिकाऱ्याशी काका-पुतणी अजिबात बोलत नाहीत, तोच त्यांचा लढा. मूळ कथेचा लेखक व्हेर्कोर हक्क देईना. मेलव्हिलने शब्द दिला, की चळवळीतल्या लोकांना आधी दाखवतो, आवडला नाही तर निगेटिव्ह जाळतो. सिनेमा पास झाला!

पुढे त्याने पॅरिसमध्ये स्वतःचा स्टुडिओ उभारला. 'ल सामुराई' चालू असतानाच, जून १९६७ मध्ये, तो जळून खाक झाला. सिनेमातला तो पक्षीही गेला. तरी पठ्ठ्याने सिनेमा पूर्ण केला. १९६९ मध्ये भूमिगतांवर 'सावल्यांची फौज' काढला. २ ऑगस्ट १९७३ ला, वयाच्या ५५ व्या वर्षी तो गेला.

जेफच्या गप्प राहण्याला सगळे स्टाईल म्हणतात. मला मात्र त्यात भूमिगत माणसाची जुनी सवय दिसते. सिनेमा मिळाला तर रूमचा लाईट बंद करून बघा, आणि प्लीज, मध्ये कॉमेंट्री करू नका!