महालातला साम्यवादी : लुकिनो व्हिस्कोन्ती

धनाची हाव आणि वर चढण्याची धडपड यांवर पुष्कळांनी चित्रपट काढले. परंतु जो शिखरावरच जन्मला, त्याने खालून वर येणाऱ्यांकडे कसे पाहिले, हे जाणायचे असेल तर इटालियन दिग्दर्शक लुकिनो व्हिस्कोन्ती याच्या चरित्राकडे वळावे, असे मला वाटते.

२ नोव्हेंबर १९०६ रोजी मिलान येथे त्याचा जन्म झाला. वडिलांचे घराणे मध्ययुगात मिलानवर राज्य केलेले; आई औषधांच्या धनाढ्य कारखानदाराच्या कुटुंबातली. जुनी सरदारी आणि नवी संपत्ती एकाच घरात नांदत होती. तारुण्य शर्यतीचे घोडे पाळण्यात गेले. पुढे फ्रान्समध्ये झाँ रेन्वारच्या हाताखाली त्याला चित्रपटाची वाट सापडली आणि साम्यवादी विचारांचीही. महायुद्धात फॅसिस्टविरोधकांना साहाय्य केल्याबद्दल १९४४ साली त्याने तुरुंगवास भोगला.

१९४८ च्या 'ला तेर्रा त्रेमा'त त्याने सिसिलीतल्या आची त्रेत्झा गावच्या खऱ्याखुऱ्या कोळ्यांकडून भूमिका करवून घेतल्या. व्यापाऱ्यांच्या पिळवणुकीला विटलेला न्तोनी घर गहाण टाकून स्वतःचा धंदा मांडतो. वादळात होडी मोडते, घर जाते, आणि त्याच व्यापाऱ्यांच्या दारी त्याला मजुरीसाठी उभे राहावे लागते.

१९६३ च्या 'इल गात्तोपार्दो'त काळ १८६० चा. गॅरिबाल्डीची फौज सिसिलीत उतरली आहे. राजपुत्र सालीनाचा भाचा तान्क्रेदी आधी क्रांतीत शिरतो, मग राजाच्या सैन्यात; आणि नवश्रीमंत नगराध्यक्ष दोन कालोजेरोच्या मुलीशी लग्न ठरवतो. एकाला पैसा हवा, दुसऱ्याला प्रतिष्ठा. शेवटच्या दीर्घ नृत्यसमारंभात हा सौदा झगमगत असताना वृद्ध होत चाललेला राजपुत्र एकटाच आपला अंत ओळखतो. कान महोत्सवात या चित्रपटाला सर्वोच्च पारितोषिक मिळाले.

१९७२ साली पक्षाघात झाला, तरी त्याने काम सोडले नाही. १७ मार्च १९७६ रोजी रोममध्ये तो निवर्तला.

न्तोनी सगळ्या घरासाठी झगडला आणि बुडाला. कालोजेरोने स्वतःपुरते पाहिले आणि तो पोहोचला. व्हिस्कोन्ती वर चढण्याला नावे ठेवत नाही. चढताना आपण काय विकले, एवढेच तो विचारतो. आपल्यापैकी कितीतरीजण घरातले पहिले पदवीधर होणार आहेत. हा प्रश्न आपल्यालाही चुकणार नाही.